पाणीच क्लोराइड दाखवत असेल तर? सॉल्ट अ‍ॅनॅलिसिसमध्ये ऋण आयन ओळखण्याची पायरीवार रीत

बारावीच्या सॉल्ट अ‍ॅनॅलिसिसच्या, म्हणजे दिलेला क्षार कोणता ते ओळखण्याच्या, प्रॅक्टिकलच्या सरावात आमच्याकडची मुलं एका चुकीत हटकून सापडतात. सोडियम सल्फेट दिलं तरी क्लोराइड, अमोनियम नायट्रेट दिलं तरी क्लोराइड, धुण्याचा सोडा दिला तरी क्लोराइड. "सर, पांढरं आलं नं, मंग क्लोराइडच हाय!" पांढरं आलेलं असतं हे खरं. पण ते दिलेल्या क्षारातून आलेलं नसतं. ते हातपंपाच्या पाण्यातून आलेलं असतं.

अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून पसरलेलं पूर्णा नदीचं खोरं म्हणजे आपला खारपाणपट्टा. दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा, संग्रामपूर भागातल्या विहिरी आणि बोअरच्या पाण्यात क्लोराइड, सल्फेट आणि बायकार्बोनेट मुबलक असतात. नेमके हेच आयन आपण परीक्षानळीत शोधत असतो. भंडारा-गोंदियाकडचं पाणी प्यायला गोड लागतं म्हणून तिकडच्यांनीही निर्धास्त राहू नये. जिभेला कळत नाही तेवढं क्लोराइडही ते शोधायच्या रसायनाला, सिल्व्हर नायट्रेटला, कळतं.

हा लेख फक्त ऋण आयनांचा आहे. धन आयनांचे गट इथे घेतलेले नाहीत. सॉल्ट अ‍ॅनॅलिसिसमधले बहुतेक ऋण आयन पी-ब्लॉकच्या, म्हणजे आवर्तसारणीच्या उजव्या भागातल्या, मूलद्रव्यांचे असतात. कार्बोनेटमधला कार्बन गट १४ चा, नायट्रेट आणि फॉस्फेट गट १५ चे, सल्फाइड-सल्फाइट-सल्फेट गट १६ चे, क्लोराइड-ब्रोमाइड-आयोडाइड गट १७ चे. थिअरीच्या वहीत पाठ न होणाऱ्या अभिक्रिया इथे डोळ्यांसमोर घडतात, म्हणून प्रत्येक पायरीला 'असं का होतं' तेही थोडक्यात सांगितलं आहे. कारण कळलं की क्रम चुकत नाही.

पायरी १: क्षाराआधी पाणी तपासा

प्रयोगशाळेत येणारं प्रत्येक पाणी आधी संशयित समजा. दोन स्वच्छ परीक्षानळ्यांत सुमारे २ मिली पाणी घ्या. पहिलीत विरल नायट्रिक अ‍ॅसिडचे चार-पाच थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. दुसरीत विरल हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे चार-पाच थेंब आणि मग बेरियम क्लोराइडचे दोन थेंब. नळ्यांमागे काळा कागद धरून पाच मिनिटांनी बघा. पहिली दुधाळली तर पाण्यात क्लोराइड आहे. दुसरी दुधाळली तर सल्फेट आहे. दोन्ही नितळ राहिल्या तरच ते पाणी द्रावणासाठी घ्या.

कोणतं पाणी चालतं? विकतचं डिस्टिल्ड पाणी सर्वांत बरं. ट्रॅक्टरच्या बॅटरीत टाकायचं पाणी गावातल्या ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतं. ते बहुतेकदा चालतं, पण प्रत्येक नवा कॅन वरच्या दोन नळ्यांतून गेलाच पाहिजे. गावातल्या आरओ प्लांटचं वीस लिटरच्या जारमधलं पाणी पिण्यासाठी चांगलं असलं तरी त्यात क्लोराइड उरतं, त्यामुळे आपल्या कामाचं नाही. पावसाळ्यात दोन-तीन चांगले पाऊस पडून गेल्यावर उघड्यावर बांधलेल्या स्वच्छ प्लॅस्टिकवरून धरलेलं पाणी मी वापरलेलं आहे. टिनाच्या छपरावरून पन्हाळीतून आलेलं मात्र नको.

आता काचसामान. मुलं नळी हातपंपाखाली विसळतात, झटकतात आणि तशीच वापरतात. काचेला चिकटून राहिलेले ते थेंब चाचणी बिघडवायला पुरेसे असतात. नळी साध्या पाण्याने धुवायला हरकत नाही, पण शेवटी दोनदा थोड्या थोड्या डिस्टिल्ड पाण्याने विसळा. डिस्टिल्ड पाणी कमी असेल तर ते याच कामासाठी राखून ठेवा.

*तपासा:* यापुढच्या प्रत्येक खात्रीच्या चाचणीला तीन नळ्या लावायच्या. एक कोरी, म्हणजे नुसतं पाणी आणि रसायनं. दुसरी माहितीची, ज्यात तो आयन आहे हे आपल्याला ठाऊक आहे. तिसरी प्रश्नाची. कोरी नितळ आणि माहितीची बरोबर आली तरच तिसरीवर विश्वास ठेवा. बोर्डाच्या दिवशी तीन नळ्यांना वेळ नसतो, पण निदान कोरी नळी एकदा करून घ्या. दोन मिनिटं लागतात.

पायरी २: द्रावणं आणि पट्ट्या आदल्या दिवशी तयार ठेवा

सिल्व्हर नायट्रेट: १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात १.७ ग्रॅम. तपकिरी बाटलीत, उन्हापासून दूर. बाटलीतच द्रावण दुधाळलं तर पाणी चुकीचं होतं. ते 'चालवून' घेऊ नका. हे रसायन महाग आहे, म्हणून थेंबाथेंबाने वापरा. बोटांना लागलं तर काळे डाग पडतात आणि ते काही दिवस जात नाहीत.

बेरियम क्लोराइड: १०० मिलीला साधारण ६ ग्रॅम. विषारी आहे. तोंडाने पिपेट ओढण्याची जुनी सवय इथे जिवावर बेतू शकते, ड्रॉपरच वापरा.

विरल सल्फ्युरिक अ‍ॅसिड: एक मोलर हवं असेल तर सुमारे ९४ मिली पाण्यात ५.५ मिली संहत अ‍ॅसिड, काचेच्या कांडीने ढवळत, अगदी सावकाश.

*सावध:* नेहमी पाण्यात अ‍ॅसिड. अ‍ॅसिडवर पाणी ओतलं तर उष्णतेने ते जागीच उकळून अंगावर उडतं.

चुन्याची निवळी विकत आणायची गरज नाही. पानठेल्यावर मिळतो तो चुना दोन चमचे घेऊन लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात ढवळा, झाकण लावून रात्रभर ठेवा, सकाळी वरचं नितळ पाणी अलगद काढून गाळून घ्या. बुचाची बाटली हवी. उघडी ठेवली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पृष्ठभागावर साय धरते आणि निवळीचा जोर जातो. तपासायला एक नळी घेऊन तिच्यात स्ट्रॉने फुंका: दुधाळ झाली तर निवळी ठीक. तोंडात ओढू मात्र नका.

स्टार्चसाठी भाताची पेज चालते. पातळ पेज गार करून गाळा, तिच्यात गाळणकागदाच्या पट्ट्या भिजवून सावलीत वाळवा. त्याच पेजेत पोटॅशियम आयोडाइडचे थोडे खडे विरघळवले की स्टार्च-आयोडाइडच्या पट्ट्या होतात. या दोन्ही वेगळ्या डब्यांत, नाव घालून ठेवा. त्या दिसायला सारख्याच असतात आणि अदलाबदल झाली की आयोडाइड आणि नायट्राइटमध्ये हमखास घोळ होतो. लेड अ‍ॅसिटेटची पट्टी आणि अ‍ॅसिड घातलेल्या पोटॅशियम डायक्रोमेटची पट्टी मात्र ऐनवेळी भिजवून ओलीच वापरा.

फेरस सल्फेटचं द्रावण त्याच दिवशी सकाळी करा. फेरस सल्फेट म्हणजे आपलं हिराकस. खडे फिकट हिरवे असले पाहिजेत. पिवळट-तपकिरी भुकटी झालेलं हिराकस हवेने फेरिक झालेलं असतं आणि त्याने ब्राउन रिंग येणार नाही. द्रावणात विरल सल्फ्युरिक अ‍ॅसिडचे चार थेंब टाकले की ते थोडं टिकतं.

एक गोष्ट विदर्भातल्या उन्हाची. मार्च उजाडला की बंद खोलीतल्या अमोनियाच्या बाटलीत दाब साठतो. बूच उघडताना तोंड दुसरीकडे, बाटलीवर ओलं फडकं, आणि आधी बाटली माठाजवळ किंवा गार पाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेवलेली. उडालेल्या अमोनियाने डोळा जाऊ शकतो.

पायरी ३: कोरडा क्षार बघा, पण निष्कर्ष काढू नका

रंग, वास, ओलसरपणा, खडे की भुकटी एवढं लिहा. मोरपंखी निळा खडा बघून मुलं लगेच 'मोरचूद (कॉपर सल्फेट), म्हणजे सल्फेट' लिहून मोकळी होतात. तांब्याचं नायट्रेटही निळंच असतं. रंगाने धन आयनाचा सुगावा लागतो, ऋण आयनाचा क्वचितच.

पायरी ४: विरल अ‍ॅसिड

कोरड्या नळीत मुगाच्या चार-पाच दाण्यांएवढा क्षार. त्यावर १ ते २ मिली विरल सल्फ्युरिक अ‍ॅसिड. आधी थंड बघा, मग हलकं गरम करा. हा क्रम का? कार्बोनेट, सल्फाइट, सल्फाइड आणि नायट्राइट हे दुबळ्या अ‍ॅसिडांचे क्षार आहेत. विरल अ‍ॅसिडही त्यांना हुसकावून लावतं. बलवान अ‍ॅसिडांचे क्षार, म्हणजे क्लोराइड किंवा नायट्रेट, इथे हलत नाहीत. म्हणून इथे काही घडलं नाही तरच पुढच्या पायरीवर जायचं. मुलं घाईत थेट संहत अ‍ॅसिड ओततात. मग कार्बोनेटही फसफसतं, क्लोराइडही फसफसतं, आणि कोण कोणता ते कळत नाही.

*फसफस आणि वास नाही:* वायू चुन्याच्या निवळीत सोडा. दुधाळ झाली तर कार्बोनेट असण्याची दाट शक्यता. वायू फार वेळ सोडत राहिलात तर दूध पुन्हा नितळ होतं, कारण कॅल्शियम कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट बनतं. मुलं नेमकी त्या क्षणी बघतात आणि 'निवळीवर परिणाम नाही' लिहितात. पहिल्या अर्ध्या मिनिटात नजर निवळीवरच हवी.

*जळत्या गंधकाचा, घशाला झोंबणारा वास:* सल्फाइट. सर्वांत मोठा खड्डा इथे आहे. सल्फर डायऑक्साइडही चुन्याची निवळी दुधाळ करतो. फक्त निवळीवर भिस्त ठेवली तर सल्फाइटला कार्बोनेट म्हणाल. म्हणून निवळीआधी डायक्रोमेटची ओली पट्टी नळीच्या तोंडावर धरा. नारिंगी पट्टी हिरवी झाली तर सल्फर डायऑक्साइड. कारण सोपं आहे: सल्फर डायऑक्साइडमध्ये गंधक +४ या ऑक्सिडीकरण अवस्थेत आहे आणि +६ पर्यंत चढू शकतो, म्हणून तो डायक्रोमेटला क्षपित करतो, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देतो. कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन +४ वरच आपल्या टोकाला पोहोचलेला असतो, त्याच्याकडे देण्यासारखं काही उरलेलं नसतं.

*सडक्या अंड्याचा वास:* सल्फाइड. लेड अ‍ॅसिटेटची पट्टी काळी होते. हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे, आणि थोडा वेळ हुंगलं की नाक मरतं. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं नाही. वास नेहमी हाताने नाकाकडे वारा घालून घ्यायचा, नळीवर नाक धरून नाही. खिडक्या उघड्या ठेवा. लोडशेडिंगमध्ये पंखा बंद असेल तर ही चाचणी व्हरांड्यात करा.

*थंड असतानाच तपकिरी धूर:* नायट्राइट. स्टार्च-आयोडाइडची पट्टी निळी होते. गरम केल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर अ‍ॅसिटेट.

*सावध:* संगमरवराचा चुरा किंवा खडू दिला असेल आणि विरल सल्फ्युरिक अ‍ॅसिडने दोन-चार बुडबुडे येऊन काम थांबलं, तर कार्बोनेट नाही असं लिहू नका. दाण्यावर न विरघळणाऱ्या कॅल्शियम सल्फेटचा थर बसतो आणि आतला भाग अ‍ॅसिडपासून झाकला जातो. बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या कार्बोनेटचंही तसंच. अशा वेळी विरल हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घेऊन पुन्हा करा.

पायरी ५: संहत सल्फ्युरिक अ‍ॅसिड

मागच्या पायरीला काहीच आलं नाही तर नवी, पूर्ण कोरडी नळी. क्षार दोन मुगांएवढाच. अ‍ॅसिडचे आठ-दहा थेंब, नळी धरणीने, तोंड भिंतीकडे. परमँगनेटच्या बाटलीजवळ संहत सल्फ्युरिक अ‍ॅसिड नेऊ नका. ती जोडी स्फोटक आहे.

इथे गट १७ चा धडा उलगडतो. क्लोराइड असेल तर रंगहीन, झोंबणारा हायड्रोजन क्लोराइड येतो. अमोनियात बुडवलेली काचकांडी जवळ नेली की पांढरा दाट धूर. ब्रोमाइड असेल तर हायड्रोजन ब्रोमाइड येतो, पण त्यातला काही संहत अ‍ॅसिडकडून ऑक्सिडीकृत होऊन लालसर तपकिरी ब्रोमीन देतो. आयोडाइड तर सहज ऑक्सिडीकृत होतो: जांभळी वाफ, नळीच्या थंड भागावर काळसर स्फटिक, आणि कधी कधी सोबत हायड्रोजन सल्फाइडचा वासही. गटात खाली जाताना हॅलाइड आयनाचा आकार वाढतो आणि इलेक्ट्रॉन सोडणं सोपं होतं, म्हणून क्षपण करण्याची ताकद क्लोराइडकडून आयोडाइडकडे वाढत जाते. थिअरीच्या पेपरात दोन गुणांना येणारं वाक्य इथे रंगात दिसतं. आयोडाइडमध्ये सडक्या अंड्याचा वास आला म्हणून सल्फाइड लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: पायरी ४ ला तो वास आला नव्हता.

नायट्रेटचा धूर फिकट तपकिरी असतो. तांब्याचा तुकडा टाकून गरम केलं की दाट होतो आणि द्रावण निळसर-हिरवं होतं. तांब्यासाठी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातली तार फुकट मिळते, पण तिच्यावर वार्निशचा थर असतो. पॉलिश पेपरने लाल चमक येईपर्यंत घासा, नाहीतर अ‍ॅसिड तांब्यापर्यंत पोहोचतच नाही आणि चाचणी 'नाही' येते.

ब्रोमाइड आणि नायट्रेट दोघांचाही धूर तपकिरी, आणि स्टार्च-आयोडाइडची पट्टी दोघेही निळी करतात. तेव्हा पट्टीवर भांडत बसू नका. दोन्ही नावं पेन्सिलने लिहा आणि निकाल पायरी ७ वर सोडा.

*सावध:* फार तापवलंत तर सल्फ्युरिक अ‍ॅसिड स्वतःच पांढरा धूर सोडतं. त्या धुराला क्लोराइड म्हणणारे दरवर्षी सापडतात. नळीचा तळ हाताला सोसणार नाही एवढाच गरम करा, उकळवू नका.

या दोन्ही पायऱ्यांत काहीच आलं नाही तर सल्फेट किंवा फॉस्फेट. त्यांना अ‍ॅसिडने वायू सुटत नाही, म्हणून ते थेट द्रावणातच ओळखायचे.

पायरी ६: द्रावण तयार करा, आणि सोड्याच्या अर्काचा घोळ टाळा

क्षार डिस्टिल्ड पाण्यात पूर्ण विरघळला तर तेच द्रावण वापरा. विरघळला नाही तर सोड्याचा अर्क करायचा. सगळ्यात जास्त मार्क इथे जातात, म्हणून इथे थोडं थांबतो.

एक भाग क्षार आणि तीन भाग शुद्ध सोडियम कार्बोनेट एका चंचुपात्रात घ्या. १५ ते २० मिली डिस्टिल्ड पाणी घालून दहा मिनिटं उकळा; पाणी आटलं तर डिस्टिल्डच घाला. गाळा. धन आयन बहुतेक कार्बोनेटच्या रूपात कागदावर राहतो, ऋण आयन सोडियमबरोबर खाली उतरतो. खालचं नितळ पाणी म्हणजे अर्क. किराणा दुकानातला धुण्याचा सोडा इथे वापरू नका. त्यात मीठ आणि सल्फेट मिसळलेलं असू शकतं.

आता अर्कात काय आहे? आपला ऋण आयन आहे, आणि त्याच्या कितीतरी पट जास्त कार्बोनेट आहे, जे आपणच घातलं. या अर्कात सरळ सिल्व्हर नायट्रेट टाकलं तर सिल्व्हर कार्बोनेटचा पांढरट-पिवळसर साका (तळाशी बसणारा न विरघळणारा पदार्थ) येणारच. बेरियम क्लोराइड टाकलं तर बेरियम कार्बोनेटचा पांढरा साका येणारच. क्षारात काहीही असो. पाण्यातलं क्लोराइड टाळून इथवर आलेली हुशार मुलं या ठिकाणी फसतात.

म्हणून अर्क आधी अ‍ॅसिडाने मारायचा. थेंब थेंब टाका, फसफस पूर्ण थांबेपर्यंत, नंतर अजून दोन थेंब. मग गरम करून विरघळलेला कार्बन डायऑक्साइड घालवा. शेवटी निळा लिटमस लाल झालाच पाहिजे. कोणतं अ‍ॅसिड? ज्या आयनाचा शोध चालला आहे त्याचं सोडून दुसरं. हॅलाइड शोधताना नायट्रिक, हायड्रोक्लोरिक कधीच नाही. सल्फेट शोधताना हायड्रोक्लोरिक, सल्फ्युरिक कधीच नाही. ऐकायला हे बाळबोध वाटतं, पण घाईत हात शेजारच्या बाटलीकडे जातो. आमच्या टेबलावर मी सिल्व्हर नायट्रेटची बाटली नायट्रिकच्या शेजारीच आणि बेरियमची हायड्रोक्लोरिकच्या शेजारीच ठेवतो, मधे हातभर अंतर. त्याने चुका खूप कमी झाल्या.

अर्कात कार्बोनेटची चाचणी करण्यात अर्थ नाही हे वेगळं सांगायला नको. कार्बोनेट नेहमी मूळ कोरड्या क्षारातच.

*तपासा:* कोरी नळी इथे नुसत्या पाण्याची नको. नुसता सोडियम कार्बोनेट त्याच पाण्यात उकळून, गाळून, त्याच अ‍ॅसिडाने मारून केलेली हवी. ती नितळ राहिली तर तुमचा सोडा शुद्ध आहे.

पायरी ७: खात्रीच्या चाचण्या

सिल्व्हर नायट्रेट. अ‍ॅसिडी केलेल्या द्रावणात दोन-तीन थेंब. साका खाली बसू द्या, वरचं पाणी काढून टाका, मग अमोनिया घाला. पांढरा, दह्यासारखा आणि अमोनियात सहज विरघळणारा साका क्लोराइडचा. फिकट पिवळा आणि जेमतेम विरघळणारा ब्रोमाइडचा. पिवळा आणि अजिबात न विरघळणारा आयोडाइडचा. नुसत्या रंगावर पहिले दोन ओळखू येत नाहीत, ट्यूबलाइटखाली तर मुळीच नाही. अमोनियाने जे होतं तोच खरा निकाल. अमोनिया जुना, जोर गेलेला असेल तर क्लोराइडही विरघळत नाही आणि तुम्ही त्याला ब्रोमाइड म्हणता. माहितीच्या नळीत साध्या मिठाचं द्रावण ठेवलं की हे लगेच पकडता येतं.

*सावध:* अमोनिया आणि चांदीचं मिश्रण साठवून ठेवू नका. राहिलं तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो. चाचणी संपली की लगेच विरल नायट्रिक अ‍ॅसिड घालून आम्लधर्मी करा आणि चांदीच्या वेगळ्या बाटलीत ओता.

क्लोरीन पाणी, ब्रोमाइड-आयोडाइडसाठी. अ‍ॅसिडी द्रावणात १ मिली क्लोरोफॉर्म, वर ताजं क्लोरीन पाणी थेंब थेंब, प्रत्येक थेंबानंतर हलवा. खालचा थर नारिंगी-तपकिरी झाला तर ब्रोमाइड, जांभळा झाला तर आयोडाइड. वरचा हॅलोजन खालच्याला हुसकावतो, एवढंच. पण एकदम भरपूर ओतलंत तर जांभळा रंग येऊन निघूनही जातो, कारण जास्तीच्या क्लोरीनने आयोडीनचं रंगहीन आयोडिक अ‍ॅसिड होतं. मुलगा मान वर करेपर्यंत रंग गेलेला असतो.

बेरियम क्लोराइड, सल्फेटसाठी. हायड्रोक्लोरिकने अ‍ॅसिडी केलेल्या द्रावणात पांढरा साका, आणि तो संहत हायड्रोक्लोरिकमध्येही न विरघळणारा. बेरियम सल्फाइट अ‍ॅसिडात विरघळतं. मात्र सल्फाइटची जुनी बाटली हवेतल्या ऑक्सिजनने अर्धवट सल्फेट झालेली असते, त्यामुळे सल्फाइटमध्ये थोडा न विरघळणारा साका राहिला तर घाबरू नका. पायरी ४ ला जे दिसलं तेच धरा. शिशाचा क्षार असेल तर बेरियम क्लोराइडमधल्या क्लोराइडनेच लेड क्लोराइडचा पांढरा साका पडतो. तो गरम पाण्यात विरघळतो, सल्फेटचा विरघळत नाही. शिसं असल्याची शंका असेल तर सोड्याचा अर्कच वापरा.

ब्राउन रिंग, नायट्रेटसाठी. २ मिली द्रावण, २ मिली ताजं फेरस सल्फेट, नीट मिसळा. नळी नळाखाली गार करा. मग तिरकी धरून भिंतीवरून संहत सल्फ्युरिक अ‍ॅसिड अगदी हळू सोडा. जड अ‍ॅसिड तळाशी जातं आणि सीमेवर तपकिरी कडं उमटतं. फेरस आयन नायट्रेटला नायट्रिक ऑक्साइडपर्यंत क्षपित करतो आणि तोच नायट्रिक ऑक्साइड उरलेल्या लोहाशी बांधला जाऊन तपकिरी होतो. हलवलंत की गेलं, गरम केलंत तरी गेलं. नायट्राइटला संहत अ‍ॅसिड लागतच नाही. विरल अ‍ॅसिडातच सगळं द्रावण तपकिरी होतं, कडं नसतं. ब्रोमाइड किंवा आयोडाइड असेल तर संहत अ‍ॅसिडाने त्यांचाही रंग सुटतो आणि खोटं कडं दिसतं. म्हणून हॅलाइडची चाचणी आधी, ब्राउन रिंग नंतर.

अमोनियम मॉलिब्डेट, फॉस्फेटसाठी. १ मिली द्रावणात २ मिली संहत नायट्रिक अ‍ॅसिड, मग अमोनियम मॉलिब्डेट थोडं जास्तच, नळी कोमट पाण्यात पाच मिनिटं. हळदीसारखा पिवळा साका हवा. नुसतं पिवळं द्रावण पुरेसं नाही. पाण्यातल्या सिलिकेटनेही द्रावण पिवळं होतं. उकळवू नका, नाहीतर मॉलिब्डिक अ‍ॅसिडचा पांढरा साका पडून गोंधळ होतो.

सरावासाठी क्षार कमी पडत असतील तर कृषी केंद्रात भरपूर आहेत. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खताचा एक दाणा फॉस्फेटची चाचणी झोकात देतो. लाल पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. लाली लोहाच्या ऑक्साइडची, ती गाळून टाका. संत्र्याच्या खोडाला लावायच्या बोर्डो पेस्टसाठी वरुड-मोर्शीकडे घरोघरी असतं ते मोरचूद सल्फेटसाठी. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये जिप्समही असतं, त्यामुळे त्यात फॉस्फेट आणि सल्फेट दोन्ही येतील. दोन्ही वेगळे दाखवता आले तर तुमचा हात बसला. हा सराव प्रयोगशाळेतच, शिक्षकांसमोर. घरी संहत अ‍ॅसिड नेऊ नका.

पायरी ८: निकाल लिहिण्याआधी

प्राथमिक चाचणी आणि खात्रीची चाचणी एकाच आयनाकडे बोट दाखवतात का ते बघा. पायरी ५ ला पांढरा धूर नाही, पण सिल्व्हर नायट्रेटने पांढरं आलं, तर पाणी किंवा अ‍ॅसिड चुकलं आहे. कोरी नळी पुन्हा करा. जर्नलमध्ये आधी निरीक्षण आणि मग अनुमान. 'क्लोराइड दिसलं' असं कधी लिहू नका. 'पांढरा साका, अमोनियात विरघळला' हे निरीक्षण, 'क्लोराइड' हे अनुमान. परीक्षक तोंडी परीक्षेत याच फरकावर बोट ठेवतात.

निरीक्षण लगेच लिहा, नंतर आठवून नाही. पट्टीचा हिरवा रंग दहा मिनिटांनी कोणता होता ते आठवत नाही.

टाकाऊ द्रावणांसाठी टेबलाच्या टोकाला तीन झाकणाच्या बाटल्या: चांदी, बेरियम-शिसं, क्रोमियम. ही तिन्ही बोअरजवळच्या नालीत ओतू नका. पुढच्या उन्हाळ्यात तेच पाणी आपण पिणार आहोत. चांदीच्या बाटलीत मिठाचं पाणी टाकलं की सिल्व्हर क्लोराइड तळाशी बसतं. ते गाळून, वाळवून, तारीख टाकून कपाटात ठेवा.

ड्रॉपर ज्या बाटलीचा त्याच बाटलीत परत गेला ना, ते निघण्याआधी एकदा बघा. नायट्रिकच्या बाटलीत हायड्रोक्लोरिकचा ड्रॉपर गेला तर उद्या सकाळी बसणाऱ्या सगळ्या बॅचला पुन्हा क्लोराइडच येईल.